९ वर्षांच्या मुलीसाठी उचलून नेता येईल असा डिजिटल पियानो सुचवा

गोदाकाठ
मंडळी, सल्ला हवाय. लेक ९ वर्षांची, वर्षभरापासून पियानो शिकतेय. आतापर्यंत मामाच्या जुन्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर भागलं. आता तिच्या बाई म्हणतात, ट्रिनिटीच्या इनिशियलला (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पहिल्या ग्रेडच्या आधीची परीक्षा) बसवू, पण घरी ८८ पट्ट्यांचं 'वेटेड', म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचं वाद्य पाहिजे.

आमचं घर भाड्याचं, ह्यांची नोकरी बदलीची आणि उन्हाळ्याची सुट्टी सगळी सिन्नरला आजोळी. त्यामुळे जागचा हलत नाही असा पियानो नको. बजेट स्टँड आणि स्टूल धरून ५० हजार, फारच ताणलं तर ५५. यामाहाचा एनपी-१५ पाच-सहा किलोचाच आहे, बॅटरीवरही चालतो, माझा जीव त्याच्यात अडकलाय. घेऊ का? आणि ११-१२ किलोच्या वाद्याला 'पोर्टेबल' कसं काय म्हणतात?

मडगावची मास्तरीण
गोव्यात पियानो शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

एनपी-१५ वाईट नाही, पण तुमच्या कामाचा नाही. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं. इनिशियलचे धडे त्यात सहज बसतात, तेव्हा प्रश्न पट्ट्या मोजण्याचा नाहीच, बोटांचा आहे. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी उडून तारेवर आदळते. पट्टी किती वेगाने खाली गेली यावर आवाज लहान की मोठा ते ठरतं, आणि त्या हातोडीचं ओझं बोटाला कळतं. डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्या जड, उजवीकडे जावं तसतशा हलक्या. हॅमर अ‍ॅक्शनच्या डिजिटल पियानोत तारा नसतात, पण हे ओझं आणि त्याचा चढउतार तसाच ठेवलेला असतो. साध्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर वर येते. त्यावरच वाढलेलं मूल परीक्षेच्या खोलीत खऱ्या पियानोपुढे बसलं की हळुवार जागी निम्मे स्वर उमटतच नाहीत. धडा पाठ असतो, बोटंच तयार नसतात.

दुसरं, ट्रिनिटीत 'पियानो' आणि 'इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड' असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. कीबोर्डच्या परीक्षेत वाद्यातले तयार ठेके आणि निरनिराळे आवाज वापरणं हाही वादनाचा भाग असतो. तुमच्या बाईंच्या मनात पियानोच आहे ना, एवढं विचारून घ्या. कित्येक आईवडील नुसतं 'ट्रिनिटी' ऐकून दुकान गाठतात.

तुमच्या बजेटच्या आसपास तीन नावं येतात : यामाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११० आणि रोलंड एफपी-१०. निव्वळ बोटांचा विचार केला तर मी एफपी-१० म्हणेन. त्याची पट्टी अगदी हळू दाबली तर तळाला टेकायच्या किंचित आधी बारीकशी अडखळ लागते, ग्रँड पियानोत लागते तशी. पण स्टँड-स्टूल धरून तुमच्या आकड्यात तो बसवायला ओढाताण होईल. बाकी दोघांत कागदावर फारसा फरक नाही. दोन्हींत १० आवाज, दोन्हींची पॉलिफोनी ६४, म्हणजे एका वेळी ६४ स्वर निनादू शकतात. पेडल दाबून धरलं की आधीचे स्वर चालूच राहतात म्हणून तो आकडा मोठा लागतो. तुमच्या मुलीला पुढची काही वर्षं ६४ पुरून उरतील. १९२ आणि २५६ च्या जाहिराती बघून जीव टाकू नका.

चिंचवडी
एवढा खर्च आत्ताच कशाला? पोरांचं मन कधी उडेल सांगता येत नाही. १५ हजारांत चांगला कीबोर्ड येतो, शेकडो आवाज, ढोलकी-तबल्याचे ठेकेसुद्धा. टिकली तर घ्या मोठा.

मडगावची मास्तरीण
चिंचवडी, वर्षभर मूल टिकलंय आणि बाईंनी स्वतःहून परीक्षेचं काढलंय, म्हणजे 'टिकली तर'ची पायरी ओलांडून झाली. शेकडो आवाज असलेलं वाद्य सरावाला ठेवलं तर सराव ढोलकीचाच होतो, हे मी दर वर्षी बघते. आणि समजा सोडलंच, तरी नीट ठेवलेल्या ८८ पट्ट्यांच्या पियानोला गिऱ्हाईक मिळतं.

स्टेजमागचा
पोर्टेबलबद्दल मी बोलतो, कारण लग्नाच्या हॉलपासून शाळेच्या संमेलनापर्यंत हे धूड मीच वाहतो.

वजन सगळे विचारतात, लांबी कोणी विचारत नाही. पूर्ण मापाच्या ८८ पट्ट्याच जवळजवळ सव्वा मीटर भरतात, त्याखाली कुठलीही कंपनी जाऊ शकत नाही. एफपी-१० साधारण १२८ सेंमी, पी-१४५ आणि सीडीपी-एस११० दोन्ही १३२ च्या आसपास. वजनं अनुक्रमे १२.३, ११.१ आणि १०.५ किलो. किलोभराच्या फरकाने काही बिघडत नाही. घराचा जिना वळतो कुठे, लिफ्ट किती उंच, गाडीच्या मागच्या सीटवर दारापासून दारापर्यंत किती जागा, हे टेप घेऊन मोजा. छोट्या गाडीत तो आडवा बसेलच असं नाही. मग मागच्या सीटची पाठ पाडून डिकीतून तिरका घालावा लागतो. रिक्षात उभा धरून नेता येतो, पण सोबत मोठं माणूस हवं. मुलीने एकटीने क्लासला न्यायची कल्पना असेल तर सोडून द्या.

गादीची बॅग घ्या, अ‍ॅडॉप्टर आणि पेडलला वेगळा कप्पा असलेली. पट्ट्या उघड्या ठेवून चादरीत गुंडाळलेले पियानो मी पाहिलेत, कोपऱ्यातली पट्टी हमखास निखळते. ऑनलाइन दिसणारे घडीचे नि गुंडाळायचे 'पियानो' विसराच, बोटांना त्यांचा काडीचा उपयोग नाही.

सिन्नरला वीज जात असेल तर सीडीपी-एस११० कडे नीट बघा. पेन्सिल सेलच्या ६ बॅटऱ्यांवरही चालतो. पी-१४५ ला प्लग लागतोच.

स्टँड एकेरी एक्सचा नको, लहान मुलाचे गुडघे त्यात अडकतात आणि जोरात वाजवलं की हलतो. दुहेरी एक्स किंवा टेबलासारखा चौकटीचा बघा. पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून ७० ते ७३ सेंमीवर येतील असं जुळवा आणि उंची बदलणारं स्टूल घ्या. कोपर पट्टीच्या पातळीला आलं पाहिजे. मग तिचे पाय लोंबकळतील, त्याखाली घरातला पाट सरकवा.

गोदाकाठ
टेप घेऊन मोजलं. गाडीत तिरकाच जाईल, पण जाईल. धन्यवाद!

दुकानात काय वाजवून बघायचं? आणि ओळखीतून यामाहाचा जुना पी-४५ येतोय, चार वर्षं वापरलेला, २५ हजार म्हणतात. हेडफोनवर रात्री वाजवलं तर खालच्या काकूंना त्रास नाही ना होणार?

मडगावची मास्तरीण
मुलीला नेल्याशिवाय घेऊ नका. तिला येणारा एकच धडा तिन्हीवर वाजवायला सांगा, आधी जमेल तितका हळू, मग मोठ्याने. आवाज पूर्ण बंद करूनही वाजवू द्या, पट्ट्यांचा खडखडाट कळतो. एकच पट्टी पटपट दोन बोटांनी मारून बघा, स्वर गळतो का. विक्रेता डेमोचं बटण दाबून तयार धून ऐकवेल, त्यात वाद्याच्या स्पीकरखेरीज काही कळत नाही. मुंबईला जाणं होत असेल तर धोबी तलावला फुर्टाडोस हे वाद्यांचं दुकान आहे, १८६५ पासूनचं. आमच्याकडे पणजी-मडगावातही आहे.

हेडफोनने आवाज थांबतो, पट्ट्यांची धमक थांबत नाही, ती स्टँडमधून फरशीत उतरते. स्टँडखाली जाड रबरी मॅट घाला. आणि जॅक बघा, पी-४५ ला जाड ६.३ मिमीचा लागतो, सीडीपी-एस११० ला मोबाइलसारखा बारीक.

डाग-सोल्डर
वाद्यं दुरुस्त करतो. पी-४५ ठणठणीत वाद्य आहे, नीट निघाला तर बजेटमधले निम्मे पैसे वाचतील. पण घाई नको.

पट्टीखाली रबराची बटणं असतात, ती दोन टप्प्यांत दाबली जातात आणि त्या दोन टप्प्यांमधल्या वेळेवरून वेग मोजला जातो. धूळ शिरली किंवा रबर थकलं की एखादी पट्टी उगाच ओरडते किंवा मुकी होते. म्हणून डावीकडून उजवीकडे सगळ्या ८८ पट्ट्या, प्रत्येक तीनदा : हळू, मध्यम, जोरात. काळ्या ३६ विसरू नका, लोक पांढऱ्याच तपासून घरी येतात. शेजारच्या पट्टीपेक्षा आवाज वेगळा आला तर किंमत पाडा. एक-दोन पट्ट्यांचं काम साफसफाईत भागतं, ओळीने आठ-दहा बिघडल्या असतील तर नको.

अ‍ॅडॉप्टर मूळचाच मागा. पिन बसते म्हणून कुठलाही चार्जर लावलेली वाद्यं माझ्या टेबलावर येऊन पडतात.

नवा घ्या नाहीतर जुना, पेडलची एक गंमत ऐकून ठेवा. पेडल पायाखाली दाबलेलं असताना पियानो चालू केला तर काही वाद्यांत ते उलटं चालायला लागतं, म्हणजे पाय काढला की स्वर लांबतात. बिघाड समजून लोक धावत येतात. बंद करा, पाय काढा, पुन्हा चालू करा. बरोबर येणारं पेडल बहुतेक वेळा चपटं, हलकं असतं नि फरशीवर पळतं. पियानोच्या पेडलसारखं जड, रबरी तळाचं वेगळं घ्या.

पावसाळ्यात सुती कापड घालून झाका, प्लॅस्टिक नको, आत दमट राहतं. आणि खाऊ पियानोवर ठेवायचा नाही. मुंग्या आत घर करतात, मग रबर सोडून मुंग्याच काढत बसावं लागतं.

चिंचवडी
मुंग्या हे खरंय. आमच्या पेटीत झुरळं निघाली होती.

गोदाकाठ
जाऊन आलो. पी-४५ च्या मधल्या सप्तकात ओळीने सहा पट्ट्या ठसठशीत आणि बाकीच्या मवाळ निघाल्या, सोडला. दुकानात लेकीला पी-१४५ चा आवाज आवडला आणि मला सीडीपी. शेवटी सिन्नरची वीज जिंकली, सीडीपी-एस११० घेतला. दुहेरी एक्सचा स्टँड, जड पेडल, स्टूल आणि बॅग धरून आकडा ५५ च्या आतच राहिला.

एक राहिलंच. आजीचं भजन काळी चारमध्ये असतं. लेकीला साथ करायचीये, पण तिला सगळं सी पासूनच येतं.

मडगावची मास्तरीण
अभिनंदन! त्यासाठी पियानोत ट्रान्स्पोजची सोय आहे, म्हणजे पट्ट्या त्याच, पण सगळे स्वर वर किंवा खाली सरकतात. काळी चार म्हणजे जी शार्प. सी पासून चार अर्धस्वर खाली, म्हणजे उणे ४ ठेवा. तिने पांढरी एकपासून, म्हणजे सी पासून, वाजवलं की आजीला काळी चार ऐकू येईल. (अवांतर : श्रुतींचा वाद इथे नको, आजींनी चालवून घेतलं की झालं.)

भजन संपलं की ट्रान्स्पोज शून्यावर आणायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी कागदावर सी दिसेल आणि कानात भलताच स्वर पडेल. परीक्षेत ऐकून ओळखण्याचे प्रश्नही असतात, तिथे हा गोंधळ नडतो. हळूहळू तिला तेच भजन जी शार्पच्या खऱ्या पट्ट्यांवरून वाजवायला सांगा. काळ्या पट्ट्या बऱ्याच येतील, कुरकुर करेल, पण परीक्षेच्या स्केल्सना तोच सराव कामाला येतो.