मदत हवी आहे: प्रेक्षक आर्ची बंकरला हसत होते की आर्चीसोबत?

नमस्कार मंडळी. एमएच्या लघुप्रबंधासाठी अमेरिकन टीव्ही आणि राजकारण हा विषय घेतलाय आणि 'ऑल इन द फॅमिली'पाशी गाडी अडलीये. १९७१ साली सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेली ही विनोदी मालिका. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर खुर्चीत बसून काळ्यांना, ज्यूंना, बायकांना नावं ठेवतो आणि जावई माइक त्याच्याशी हमरीतुमरीवर येतो. निर्माते नॉर्मन लिअर यांना आर्चीच्या पूर्वग्रहांची टर उडवायची होती. पण १९७४ मध्ये विडमर आणि रोकीच या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास आला: ज्यांचे पूर्वग्रह मुळातच पक्के, त्यांना वादात आर्चीच जिंकतो असं वाटत होतं! १९७२च्या निवडणुकीच्या वेळी 'आर्ची बंकर फॉर प्रेसिडेंट'चे बिल्लेही विकले गेले. गंमत म्हणून, पण सगळ्यांनीच ते गमतीत घेतलं असेल?

गाईड म्हणतात, मालिकेने समाज बदलला की समाज बदलला म्हणून मालिका चालली, एक बाजू घे. मला हा प्रश्नच पटत नाही.

तेव्हाची परीक्षणं, प्रेक्षकांची पत्रं कुठे वाचायला मिळतील? आणि १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या कुणा काका-मावशींनी ही मालिका पाहिली असेल, तर घरात काय बोलणं व्हायचं तेही विचारून सांगाल का? यूट्यूबवरच्या क्लिपा नकोत, त्या पाहून झाल्यात.