‘बर्न आउट’ होणे: मराठीत नेमके काय म्हणावे?

कोल्हापूरकर (प्रश्न)
एका परिचारिकेच्या इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे. अतिदक्षता विभागात तीन वर्षे काढल्यानंतर ‘आय बर्न्ड आउट’ असे ती लिहिते. पहिल्या खर्ड्यात मी ‘मी जळून गेले’ असे लिहिले, तर तो वाचून धाकट्या बहिणीने ‘कोणावर?’ असे विचारले. ‘थकून गेले’ म्हणावे तर ते बाजारातून पिशव्या घेऊन आल्यावर म्हणतो तसे वाटते. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

जुना मुद्रितशोधक
आपल्या बहिणीची शंका रास्त आहे. मराठीत माणूस दुसऱ्यावर जळतो. इंग्रजी क्रियापदात मात्र जळण संपल्यामुळे आपोआप विझणारी आग आहे, म्हणजे भर जळण्यावर नसून जळायला काही न उरण्यावर आहे. म्हणूनच घर आगीत भस्मसात झाले तर ‘बर्न डाउन’ आणि मेणबत्ती सरून विझली तर ‘बर्न आउट’. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अवस्थेसाठी १९७४ मध्ये एका लेखात हाच शब्द योजला, तेव्हा आपली परिचारिका तो अगदी मूळच्या अर्थाने वापरते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तो आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. आणि त्यात थकव्याबरोबरच कामाविषयी वाटणारा दुरावा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावनाही मोजली आहे. रविवारी झोप काढून सोमवारी ताजा होणारा माणूस नुसता ‘टायर्ड’ असतो.

व्याकरणप्रेमी
एक भर घालतो. क्रियापद असताना हे दोन सुटे शब्द असतात, नाम मात्र जोडून लिहितात. भूतकाळात ‘बर्न्ड’ आणि ‘बर्न्ट’ दोन्ही चालतात. अमेरिकेत पहिले अधिक रूढ आहे.

सातारची लेक
मराठीत थकव्याला शब्दांची वाण नाही, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. जिना चढून माणूस दमतो, कारण तिथे दम लागतो. बारीक अक्षर वाचून डोळे शिणतात. ‘आजोबा आता थकले’ म्हणजे त्यांचे वय झाले (आणि पगारही थकतोच, पण ते दुखणे वेगळे). ‘मेटाकुटीला आले’ जवळचे वाटते खरे, परंतु मेटाकुटीला आलेला माणूस अजून धडपडत असतो, आणि इथे तर धडपडच थांबली आहे. मी ‘आतून विझून गेले’ असे लिहीन.

जुना मुद्रितशोधक
‘विझणे’ मला खटकते, कारण आपल्याकडे प्राणज्योतही विझते. ‘माझ्यातले त्राणच संपले’ अधिक सुरक्षित आहे.

कोल्हापूरकर
सर्वांचे आभार. ‘त्राण संपले’ ठेवणारच होते, परंतु पुढच्याच परिच्छेदात ती लिहिते की रुग्णाच्या उशाशी यंत्र पिपाणीसारखे वाजू लागले, तेव्हा पाय चालत गेले, हातांनी बटण दाबले आणि मनाला काहीही वाटले नाही. हातापायांत त्राण होते. तेव्हा ‘आतून विझून गेले’ हेच ठेवते. ‘आतून’ असल्यामुळे मरणाचा अर्थ निघणार नाही.