एला पामफिलोवा: खुर्चीत राहून नेमकं काय साधलं?

धागा
२०१६ मध्ये पुतिन यांनी एला पामफिलोवांना केंद्रीय निवडणूक आयोगावर नेमलं आणि त्या आयोगाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा रशियातल्या अनेक उदारमतवाद्यांना हायसं वाटलं होतं. साहजिकच होतं ते. २००० मध्ये रशियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारी ही पहिली स्त्री. पुढे अध्यक्षांच्या मानवाधिकार परिषदेच्या प्रमुख. २०१० मध्ये सेलिगेरच्या क्रेमलिनसमर्थक तरुणांच्या शिबिरात ज्येष्ठ मानवाधिकार कार्यकर्त्या ल्युदमिला अलेक्सेयेवांचा चेहरा नाझी टोपी घालून खांबावर लावला गेला. त्याच सुमारास पामफिलोवांनी परिषदेचं पद सोडलं. २०१४ मध्ये त्या मानवाधिकार आयुक्त झाल्या.

माझ्या मते हे कमावलेलं नावच क्रेमलिनने वापरून घेतलं. २०२४ मध्ये युद्धविरोधी नादेझ्दिन यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लाखावर सह्या दिल्या, आयोगाने ९ हजारांहून जास्त बाद ठरवून अर्ज फेटाळला. मग पुतिन ८७ टक्क्यांनी विजयी!

प्रतिसाद १
इतकं सरसकट बोलू नका. रशियाच्या अतिपूर्वेचा प्रिमोर्ये प्रांत, २०१८ आठवा. गव्हर्नरपदाची दुसरी फेरी. ९५ टक्के मोजणीपर्यंत कम्युनिस्ट इश्चेन्को पुढे होते, शेवटच्या टप्प्यात सत्ताधारी पक्षाचे तारासेन्को एकाएकी वर आले. पामफिलोवांच्या आयोगाने निकाल रद्द करायला सांगितलं आणि तो रद्द झालाही. आयोगाचे आधीचे अध्यक्ष चुरोव यांच्याकडून अशी अपेक्षा तरी कुणी केली असती का?

धागाकर्ता
पुढचंही सांगा ना. डिसेंबरच्या फेरनिवडणुकीत इश्चेन्कोंना उभंच राहू दिलं नाही, सह्यांचंच कारण देऊन. जिंकले कोझेम्याको, क्रेमलिनने पाठवलेले.

प्रतिसाद १
ती नोंदणी प्रादेशिक आयोगाने नाकारली. मतदान केंद्रांवर बसतात शाळेतल्या शिक्षिका, आणि त्यांची नोकरी स्थानिक प्रशासनाच्या हातात. मॉस्कोत बसलेली एक बाई हे सगळं कसं बदलणार? उद्या त्या गेल्या तर येणारा माणूस प्रिमोर्येचा निकालही दाबून टाकेल.

प्रतिसाद २
शिक्षिकांची अडचण पटते, पण नादेझ्दिन यांचा अर्ज केंद्रीय आयोगानेच फेटाळला. २०२० मध्ये घटनादुरुस्तीसाठी सात दिवस मतदान चाललं, नियम मात्र नेहमीच्या निवडणुकीचे नव्हते. तेव्हाही पामफिलोवा त्या पद्धतीची बाजू घेत राहिल्या. आणि 'गोलोस'चं काय? वर्षानुवर्षं मतदानातले गैरप्रकार नोंदवणारी ही संघटना. तिचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यांत्स यांना ऑगस्ट २०२३ मध्ये अटक झाली, मे २०२५ मध्ये ५ वर्षांची शिक्षा. २०१० मध्ये पद सोडता आलं, मग यानंतर का नाही?