कम्युनिटी कॉलेजमधून कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत ‘पक्का’ प्रवेश : कितपत खरं?

खानापूर_पालक :
नमस्कार. मुलीची सेकंड पीयूसी (बारावी, सायन्स) झाली आहे, कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. बेळगावातला एक सल्लागार म्हणतो, कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्थानिक कॉलेज) करा, पुढची दोन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (युसी), प्रवेश पक्का, लिहून देतो. अटी काय आहेत आणि गाडी कुठे अडते? शिवाय कर्जाला शेतजमीन तारण चालेल का?

अनगोळ_ट्रान्सफर :
योजना खरी आहे. तिला ‘टॅग’ म्हणतात, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. परदेशी विद्यार्थ्यांनाही ती मिळते. पण ती सल्लागाराने लिहून द्यायची गोष्ट नव्हे. तिथे साधारण वर्षभर शिकून झाल्यावर मुलीने स्वतः अर्ज करायचा असतो, तोही १ ते ३० सप्टेंबर याच महिन्यात. युसीचा नेहमीचा प्रवेश अर्ज त्यानंतर, नोव्हेंबरअखेरपर्यंत. टॅग भरला आणि हा दुसरा अर्ज राहिला तर टॅग रद्द.

टॅग सहाच कॅम्पसना आहे : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रुझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यांत नाहीत. आणि सहापैकी एकच निवडता येतो.

आता तुमच्या कामाचं. कॉम्प्युटर सायन्सला अर्व्हाइनमध्ये टॅग नाही. सांता बार्बराच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगलाही नाही. युसी दरवर्षी ‘टॅग मॅट्रिक्स’ नावाचा तक्ता काढते, त्यात कॅम्पसवार वगळलेले विषय आणि लागणारा जीपीए (ग्रेडची सरासरी) असतो. सल्लागाराला त्या तक्त्यातली कॉम्प्युटर सायन्सची ओळ दाखवायला सांगा. नुसतं ‘युसी पक्की’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका, कळकळीने सांगतो.

टिळकवाडी_क्रेडिट :
वरच्यात युनिटचा (म्हणजे कोर्सच्या क्रेडिटचा) हिशेब राहिला, आणि मुलं सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

एफ-१ व्हिसावर (विद्यार्थी व्हिसावर) सेमिस्टरला किमान १२ युनिट घ्यावी लागतात. बरीच मुलं नेमकी १२ घेतात, हात आखडून. दोन सेमिस्टरची २४ झाली. टॅग भरताना मात्र युसीला चालणारी ३० युनिट पूर्ण हवीत, म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावरच्या सप्टेंबरात अर्ज बसत नाही. चार सेमिस्टरची ४८ होतात, आणि ट्रान्सफरला ६० लागतात. म्हणून सेमिस्टरला १५ धरा, नाहीतर उन्हाळी टर्म घ्या. तसं केलं नाही तर तिसरं वर्ष आणि त्याची फी वाढते.

६० मध्ये इंग्रजी लेखनाचे (कॉम्पोझिशनचे) दोन आणि गणिताचा एक कोर्स ‘सी’ किंवा त्याहून वरच्या ग्रेडने लागतोच. इंग्रजीचे दोन एकापाठोपाठ असतात. प्लेसमेंटमध्ये (कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवताना) मुलगी ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या, वर्गात गेली तर पहिला कोर्स एक-दोन टर्म मागे जातो. मराठी माध्यमातून आली असेल तर आत्तापासून रोज एक पान इंग्रजी निबंध लिहायला लावा.

कॉलेज निवडण्याआधी ‘असिस्ट’ (असिस्ट डॉट ऑर्ग) ही वेबसाइट उघडा. तिथे कॉलेज, कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) निवडलं की कॉलेजचा कोणता कोर्स युसीत धरला जातो त्याचा करार दिसतो. डाव्या बाजूला युसीचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा कॉलेजचा कोर्स. उजवीकडे दोन कोर्स ‘अँड’ने जोडलेले असतील तर दोन्ही करावे लागतात, एकट्याला काही मोल नाही. आणि ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ लिहिलेलं असेल तर युसीच्या त्या कोर्सच्या बदल्यात चालेल असा कोर्स त्या कॉलेजात नाही. कॉम्प्युटर सायन्सच्या यादीत अशा ओळी किती आहेत ते मोजा, मग फी भरा.

खानापूर_पालक :
फार उपयोगी, धन्यवाद. टॅगमध्ये दुसरा विषय घेऊन आत जायचं आणि मग कॉम्प्युटर सायन्सला बदलायचं, हे जमतं का?

टिळकवाडी_क्रेडिट :
त्या भरवशावर जाऊ नका. गर्दीच्या मेजरमध्ये आतून शिरणं बाहेरून येण्याइतकंच अवघड असतं. त्यापेक्षा टॅग एका कॅम्पसला, जो विषय खरोखर चालेल त्यासाठी भरा, आणि त्याच नोव्हेंबरच्या अर्जात बाकीच्या कॅम्पसना कॉम्प्युटर सायन्स टाका. टॅगमुळे इतर कॅम्पस बंद होत नाहीत. जानेवारीत ‘ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट’ नावाचा फॉर्म येतो, त्यात ग्रेड आणि चालू कोर्स भरायचे असतात. तो विसरलात तर टॅग असूनही प्रवेश जाऊ शकतो.

शहापूर_कागदपत्र :
कर्जाचं सांगतो. शेतजमीन तारण म्हणून बँका बहुधा घेत नाहीत. बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे (कलम ३१), हे त्यामागचं मोठं कारण. एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा घर असेल तर बघा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे (कर्नाटकातल्या पंचायत मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११ लागतील, ते आधी काढून ठेवा. जुन्या खात्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारसा नोंदीत महिने जातात.

आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) साठी कॉलेज किमान पहिल्या वर्षाचा खर्च दाखवायला लावतं, त्यात बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) चालतं. हिशेब मात्र चार वर्षांचा करा. एफ-१ वाल्याला कॅलिफोर्नियाची रहिवासी फी लागू होत नाही आणि तिथली सरकारी मदतही नाही, त्यामुळे युसीची दोन वर्षं कॉलेजच्या दोन वर्षांपेक्षा कितीतरी महाग पडतात. पहाणी (जमिनीचा उतारा), उत्पन्नाचा दाखला असे कन्नड कागद इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. आणि मार्क्सकार्ड, आधार, पासपोर्ट या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आधी ताडून बघा. कन्नडातून आणि मराठीतून इंग्रजीत जाताना आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. पासपोर्टवर एक आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डवर दुसरं असेल तर आधी दुरुस्ती, मग अर्ज.