एजिनात एक रात्र तरी राहा

अथेन्सजवळची एजिना, हायड्रा ही बेटं सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यापुरतीच, असं एक मत आहे. हायड्राबाबत एक वेळ मान्य, एजिनाबाबत अजिबात नाही. पिरेयस या अथेन्सच्या बंदरातून गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने एजिनाला जेमतेम सव्वा तास लागतो, आणि दिवसाचे पाहुणे बहुतेक एजिनाच्या बंदरापाशीच घुटमळतात. आफाया या ग्रीक देवीचं देऊळ (इ.स.पू. 500 च्या आसपासचं) बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला, पाइनच्या झाडीतल्या टेकडीवर आहे. तिकडे बस जाते, पण फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे एका दिवसात सगळी ओढाताण होते. बंदरावरच्या टपऱ्यांवर तिथलेच पिस्ते मिळतात, खारे, भाजलेले, टपोरे. स्वस्त मात्र मुळीच नाहीत!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हायड्रावर गाड्यांना बंदी आहे, सामानसुद्धा खेचरांवरून जातं, त्यामुळे पिरेयसहून तिकडे फक्त जलद बोटी सुटतात. वारा वाढला की आधी त्याच रद्द होतात. एजिनाची मोठी बोट अशा वाऱ्यातही बऱ्याचदा चालू असते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हायड्रात मुक्काम नको, तो सहलीच्या सुरुवातीलाच उरकून घ्या.