मेंढरांमागे राबणाऱ्या मुलाला कसं सोडवायचं?

आमच्या शिवारात मेंढपाळांचा वाडा उतरलाय. सोबत दहाएक वर्षांचा कातकरी पोरगा आहे, त्यांच्या नात्यातला नाही. पाय अनवाणी, पोटरीवर काठीचे वळ. "बापानं उचल घेतलीय," एवढंच बोलला आणि मालक दिसताच गप्प झाला. २०२२ मध्ये इगतपुरीची कातकरी मुलं अशीच मेंढरांमागे सापडली होती, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबरही माहीत आहे. पण कुणकुण लागली तर वाडा रातोरात हलेल. आधी १०९८ ला कळवू की थेट तहसीलदारांना? वेठबिगारीतून मुक्तीचा दाखला मिळायला काय लागतं? त्याशिवाय पुनर्वसनाचे पैसे अडतात. आणि बापाला पुन्हा उचल घ्यावी लागू नये म्हणून काय करता येईल? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया आजच सांगा.