कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स – जहाजं बुडतात, विमानं उडत नाहीत. जाणकारांनी सल्ला द्यावा

शिडाची_होडी
या आधुनिक युद्धाच्या कॉम्प्युटर गेमचे ट्युटोरियल झाले आहेत, पण साध्या सिनारिओतही (गेममधली आखलेली लढाई) अडकायला होतं. तीन प्रश्न:
१) दोन फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आणि एक हेलिकॉप्टर असताना रडार चालू ठेवायचं की बंद? दोन्ही प्रकारांत क्षेपणास्त्र अगदी जवळ आल्यावरच दिसतं.
२) स्ट्राइक मिशन (हल्ल्याची मोहीम) नेमलं, विमानं जोडली, तरी ती तळावरच बसून राहतात.
३) हा गेम झेपतच नसेल तर याच जातीचं दुसरं काय घ्यावं? लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

दीपस्तंभ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेममध्ये नाही, पृथ्वीच्या गोलाईत आहे. रडारचं क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचं तर अँटेनाच्या आणि लक्ष्याच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं घ्या, त्यांची बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. अँटेना २५ मीटरवर आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून ५ मीटरवर असेल तर उत्तर येतं जेमतेम ३० किमी. रडार कितीही भारी असलं तरी त्यापलीकडे ते दिसणारच नाही. आवाजापेक्षा थोडं कमी वेगाचं क्षेपणास्त्र हे अंतर पावणेदोन मिनिटांत कापतं, आवाजाच्या दुपटीहून वेगवान असेल तर ४०-४५ सेकंदांत.

उलट तुमच्या रडारच्या लहरी शत्रूपर्यंत एकाच फेरीत पोचतात, तुम्हाला मात्र परतीचा प्रतिध्वनी लागतो. म्हणून तुम्ही त्याला पाहण्याच्या कितीतरी आधी त्याचं ईएसएम (दुसऱ्याच्या रडारच्या लहरी टिपणारं उपकरण) तुमची दिशा पकडतं. फ्रिगेट गप्प ठेवा आणि डोळे हेलिकॉप्टरला द्या. ते १००० मीटरवर असेल तर १५ मीटर उंचीचं जहाज त्याला साधारण १४५ किमीवरून दिसू शकतं. फक्त त्याचं रडार जहाजाच्या डोक्यावरच सुरू करू नका. आधी २०-३० सागरी मैल बाजूला न्या, मग चालू करा. नाहीतर शत्रूला तुमचा पत्ता तुम्हीच दिलात.

नांगर_टाका
दीपस्तंभ यांच्याशी सहमत, पण 'सगळं बंद' हा मंत्र आंधळेपणाने जपू नका. शत्रूने तुम्हाला आधीच पाहिलेलं असेल (डोक्यावर त्याचं टेहळणी विमान घिरट्या घालतंय, किंवा पहिली क्षेपणास्त्रं निघाली आहेत) तर गप्प बसून काही मिळत नाही, फक्त बचावाचे सेकंद वाया जातात. डॉक्ट्रिनमध्ये (युनिटांनी कसं वागावं याच्या सेटिंग) हल्ला होत असताना एमकॉन (रडार वगैरे चालू-बंद ठेवण्याचे हुकूम) धुडकावून लावण्याचा पर्याय आहे, तो चालू आहे ना ते बघा.

नवे लोक हमखास फसतात ते वारशाच्या साखळीत (वरची सेटिंग खालच्याला आपोआप लागते, पण खालच्याची स्वतःची असेल तर तीच चालते): बाजू, मिशन, गट, युनिट. तुम्ही संपूर्ण बाजूला रडार बंदचा हुकूम दिलात, पण मिशनच्या स्वतःच्या एमकॉनमध्ये रडार चालू असेल तर त्या मिशनवरची जहाजं खुशाल रडार लावून फिरतात. जहाज निवडून एफ९ दाबा आणि प्रत्यक्ष काय चालू आहे ते डोळ्यांनी बघा. डॉक्ट्रिनमधली 'हल्ला करताना आखलेला मार्ग सोडा' ही सेटिंगही तपासा. जहाज आपला रस्ता सोडून शत्रूच्या तोंडात का गेलं, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे मिळतं.

तिरपी_चाल
विमानांबद्दल. एफ६ (तळावरच्या विमानांची खिडकी) उघडून याच क्रमाने बघा:

आधी लोडआउट, म्हणजे विमानावर लावलेली शस्त्रं. 'रिझर्व्ह' किंवा 'मेंटेनन्स' असेल तर ते विमान कधीच उडणार नाही. शस्त्रं बदललीत तर तयारीचं घड्याळ पुन्हा सुरू होतं, आणि ते कित्येक तासांचं असतं. म्हणून सिनारिओ सुरू झाल्या झाल्या हौसेने लोडआउट बदलत बसू नका.

मग फ्लाइटचा (एकत्र उडणाऱ्या तुकडीचा) आकार. फ्लाइट दोनची, तयार विमानं तीन आणि 'आकारापेक्षा कमी विमानं उडू नयेत' यावर टिक असेल तर तिसरं बसून राहतं. स्ट्राइकमध्ये मिशन सुरू व्हायला किमान किती विमानं लागतील, हा वेगळा आकडा असतो, तोही बघा.

मग लक्ष्य. यादीत टाकलेला संपर्क (रडारवर वगैरे दिसलेला ठिपका) अजून 'अज्ञात' असेल आणि मिशन फक्त 'शत्रू' ठरलेल्यावर सुटणार असेल, तर कुणी हलणार नाही. आधी ओळख पटवा किंवा तुम्हीच त्याला शत्रू ठरवा. लक्ष्य पल्ल्याबाहेर आणि हवेत इंधन भरायची सोय नाही, हेही नेहमीचं कारण.

पट्रोल (गस्तीच्या) मिशनमधला एक-तृतीयांश नियम म्हणजे बिघाड नव्हे. सहा विमानं दिली तर दोन हवेत राहतात, बाकीची येण्या-जाण्यात आणि तयारीत. चोवीस तास पहारा हवा असेल तर तो नियम राहू द्या. एकदाच मोठा घाव घालायचा असेल तर काढा.

विमानावर डागायची हवाई क्षेपणास्त्रं पूर्ण पल्ल्यावरून सोडू देऊ नका. शेवटच्या टप्प्यात त्यांचा वेग मेलेला असतो, शत्रू वळला की संपलं. डब्ल्यूआरएमध्ये (कुठलं शस्त्र कधी, किती अंतरावरून सोडायचं याची सेटिंग) ७५ किंवा ५० टक्के पल्ला ठेवा.

दीपस्तंभ
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सगळा खेळ नकाशावरचा आहे, भार ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर पडतो. साध्या लॅपटॉपवर छोटे सिनारिओ चालतात. शेकडो युनिटांचे मात्र रखडतात, तेव्हा कालवेग (गेममधला वेळ पळवण्याचा वेग) कमी ठेवा. पूर्ण किमतीला घेऊ नका, सवलतीची वाट बघा. समुद्रावरचं युद्ध डोळ्यांनी बघायचं असेल तर २०२४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आलेला सी पॉवर आहे. जमिनीवरचं हवं असेल तर वॉर्नो, त्याचा काळ १९८९. दोन्हींना बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागेल, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर कमांडच बरा. रणगाड्यांच्या लढाईसाठी मात्र तो घेऊ नका, जमिनीवरचं युद्ध त्यात तोंडी लावण्यापुरतंच आहे.

शिडाची_होडी
आभारी आहे. सरावासाठी एखादा लहान सिनारिओ सुचवाल का? तयार सिनारिओंमध्ये एकदम पन्नास जहाजं अंगावर येतात.

नांगर_टाका
एडिटरमध्ये स्वतः बनवा, अर्ध्या तासाचं काम. १९७१ च्या भारत-पाक युद्धातला कराचीवरचा हल्ला घ्या, ४ डिसेंबरची रात्र. डेटाबेस (गेममधली जहाजं-शस्त्रांची यादी) शीतयुद्धाचा निवडा (१९४६ ते १९८०), नवा डीबी३००० नको. भारताकडे तीन ओसा वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका (निपात, निर्घात, वीर) आणि सोबत किल्तान, कच्छल ही छोटी युद्धजहाजं. समोर पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंगशोधक मुहाफिज. प्रत्येक ओसावर चार पी-१५ क्षेपणास्त्रं, पल्ला सुमारे ४० किमी. म्हणजे एकूण बाराच. खैबरसाठी निर्घातला दोन लागली होती.

आता त्यात चार-पाच तटस्थ मालवाहू जहाजं सोडा. आपोआप मारा बंद करा आणि प्रत्येक क्षेपणास्त्र हाताने सोडा (शिफ्ट+एफ१). रडारवर सगळे ठिपके सारखेच दिसतात, त्यामुळे ओळख पटवायला जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की विनाशिकेच्या तोफा आहेतच. एमकॉन, संपर्काची ओळख आणि दारूगोळ्याचा हिशोब, तिन्हींचा सराव पाच नौकांत होतो.

तिरपी_चाल
आणि ओसांचं इंधन बघा. त्यांचा पल्ला इतका तोकडा होता की वाटेतला बराच प्रवास ओढून नेऊन करवला होता. गेममध्ये त्यांना कराचीच्या दक्षिणेला १०० सागरी मैलांच्या आतच ठेवून सुरुवात करा आणि जाताना पूर्ण वेग देऊ नका, नाहीतर क्षेपणास्त्रं सोडून झाल्यावर परतीला टाकी कोरडी.